अंदाजाचा पाठ

सोमवार, ४ मार्च

घरात आवाज नाही. असाही एक त्रास असतो हे मला ठाऊक नव्हतं. ही घरात असताना सारखं काहीतरी आपटायचं. भांडं हातातून सुटायचं, पाय स्टुलाला लागायचा, कपाटाच्या उघड्या दाराला कपाळ धडकायचं, आणि मी आतल्या खोलीतून 'जरा बघून' म्हणून ओरडायचो. आता स्टूल जागच्या जागी आहे आणि ओरडायला कोणी नाही. म्हणून ही वही काढली. वहीशी गप्पा मारायची पाळी माझ्यावर येईल असं वाटलं नव्हतं.

ही थोरल्या बहिणीकडे जाऊन बसली आहे. कारण काय, तर चहा. हिने माझ्या चहात पुन्हा एकदा साखरेऐवजी मीठ घातलं. मी कप मोरीत ओतला आणि म्हणालो, लक्ष कुठे असतं तुझं. दुसऱ्या दिवशी बहीण आली आणि घेऊन गेली. जाताना पाय आपटत जाईल अशी माझी अपेक्षा, पण ही भिंतीला हात लावून एकेक पायरी सावकाश उतरली. मला दाखवायला असेल, की बघा, मी चाललेय आणि तुम्ही थांबवत नाही.

मी थांबवलं नाही. राग ओसरला की येईल.

बुधवार, ६ मार्च

वर्गात आज नवा पाठ काढला. माझा वर्ग दोन गल्ल्या पलीकडे, शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत भरतो. दिवसभर राबून आलेली मोठी माणसं इंग्रजी शिकायला येतात. खालचा शिंपी स्वतः येतो, एक टॅक्सीवाला येतो, बेकरीत काम करणाऱ्या एक बाई येतात आणि त्यांच्याबरोबर खोलीत पावाचा वास येतो. बाकीचे येऊन जाऊन असतात.

हा पाठ माझा सगळ्यात आवडता. अंदाजाचा. फळ्यावर मी शिडी काढतो. वरच्या पायरीवर मस्ट बी, म्हणजे असणारच. खाली प्रॉबॅबली, बहुतेक. त्याखाली पर्हॅप्स, मे बी, माइट बी ही सगळी असेल-नसेलवाली मंडळी. तळाला कान्ट बी, शक्यच नाही. मग माझं ठरलेलं उदाहरण. दार वाजलं. पाहिलं तर कोणी नाही. इट मस्ट बी द विंड. वाराच असणार. हे वाक्य मी इतकी वर्षं शिकवतोय की झोपेतही म्हणेन.

माझ्या वर्गाचा एक नियम आहे. या पाठात 'आय डोन्ट नो' म्हणायचं नाही. माहीत नाही म्हणायला अक्कल लागत नाही. समोर जे दिसतं त्यावरून माणसाला कळलं पाहिजे. आज टॅक्सीवाला म्हणाला, "सर, पण खरंच कळत नसेल तर समोरच्याला विचारायचं कसं?" मी म्हणालो, प्रश्न विचारण्याचा पाठ पुढच्या महिन्यात. सगळे हसले.

शिकवताना बरं वाटतं. परत येताना जिन्यावर माझे बूट कुईकुई वाजायला लागले की मी पावलं हळू टाकतो. हे बूट पहिल्या दिवसापासून वाजतात. ही म्हणायची, "तुम्ही खालच्या पायरीवर असता तेव्हाच मला कळतं. मी चहा टाकते." दार उघडेपर्यंत चहाला उकळी आलेली असायची. आज कुलूप उघडलं, दिवा लावला आणि बूट न काढता तसाच बसून राहिलो. चहा करावासा वाटला नाही.

शनिवार, ९ मार्च

फोन केला. हिच्या बहिणीने उचलला. ही झोपली आहे म्हणाली. भर दुपारी. ही आयुष्यात कधी दुपारची झोपलेली नाही, तेव्हा बाजूलाच बसून हाताने 'नाही म्हण' असं सांगत असणार. मी म्हटलं, असू दे, राग किती दिवस धरायचा ते तिचं ती ठरवेल.

बहीण म्हणाली, "अहो, काय झालंय म्हणून विचारा तरी एकदा."

मी म्हणालो, "ताई, मला ठाऊक आहे काय झालंय." आणि फोन ठेवला.

फोन ठेवल्यावर मात्र काही सुचेना. भात लावला, तो लागला. करपलेलं पातेलं घासताना उगाचच रडू आलं. या वयात पातेल्यापाशी उभं राहून रडणारा माणूस कोणी पाहिला असता तर काय म्हणाला असता. कोणी पाहणार नव्हतंच. आम्हाला मूलबाळ नाही. आम्ही दोघंच एकमेकांना पाहायला होतो.

मंगळवार, १२ मार्च

आज मीच चहात मीठ घातलं.

साखरेचा आणि मिठाचा डबा सारखाच आहे. मध्यंतरी हिने साखरेच्या डब्याला रबर गुंडाळून ठेवलं होतं. मग चहापत्तीच्या डब्याला दोन. मग तेलाच्या बाटलीला एक. मी एका रविवारी सगळी रबरं काढून खणात टाकली. म्हटलं, हे घर आहे, पार्सलचं दुकान नव्हे. ही उभी राहून ऐकत होती. "राहू द्या ना," इतकंच म्हणाली. कशाला, ते सांगितलं नाही. नीटनेटकेपणावरून आमचं नेहमीच वाजायचं, त्यातलाच हाही प्रकार असणार.

तसे डबे सारखे असले तरी झाकण उघडून पाहिलं की कळतंच. मी पाहिलं नव्हतं, इतकंच. तो चहा मी तसाच प्यायलो. ओतून टाकायचं मनात आलं नाही.

गुरुवार, १४ मार्च

दिवस जात नाही. शिकवणी संध्याकाळी, तोवर करायचं काय. खुर्ची या खिडकीतून त्या खिडकीत नेतो. ही असताना खुर्ची हलवली की हिची कटकट. "अहो, स्टूल कुठे नेलंत? खुर्ची कोणी सरकवली?" आपल्या घरात माणसाने खुर्ची सरकवू नये म्हणजे काय. आता रोज सरकवतो, कोणी विचारत नाही, आणि त्यात काही मजा नाही.

आज स्वयंपाकघरातला दिवा बदलला. ही सारखी म्हणायची, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात. मी म्हणायचो, झोप झाली नसेल. नंतर एकदा म्हणाली, तेव्हा मी म्हणालो, पित्त झालं असेल. मग म्हणणं बंद झालं, म्हणजे पित्त उतरलं असणार. तरी आज वाटलं, परत येईल तेव्हा नवा दिवा असावा. स्टुलावर चढून लावला आणि खाली उभं राहून बराच वेळ पाहिलं. कडी नव्हती. स्वच्छ उजेड होता, आणि त्या उजेडात स्वयंपाकघर इतकं रिकामं दिसलं की मी तो लगेच विझवला.

शुक्रवार, १५ मार्च

फोन केला नाही. आलाही नाही.

सोमवार, १८ मार्च

आजचं लिहूच नये असं वाटतंय. तरी लिहितो.

अंदाजाच्या पाठाच्या शेवटी मी दरवर्षी एक पिशवी घेऊन जातो. आत कोणाच्यातरी वस्तू असतात. वर्गाने एकेक वस्तू हातात घ्यायची आणि मालक कोण, कसा, काय करतो ते इंग्रजीत अंदाजाने सांगायचं. माझी नेहमीची पिशवी आता बदनाम झाली आहे. तिच्यात शिट्टी, मोजपट्टी आणि एकच हातमोजा आहे, आणि ती खेळाच्या मास्तरांची आहे हे जुन्या लोकांनी नव्यांना सांगून ठेवलंय. म्हणून निघताना दारामागे हिची जुनी पर्स टांगलेली दिसली ती उचलली. उघडून पाहिली नाही. म्हटलं, माझाही अंदाज होऊन जाईल.

टेबलावर पर्स पालथी केली. कोणाची ते सांगितलं नाही.

पहिली वस्तू शिंप्याने उचलली. फ्लॅनेलचा एक तुकडा आणि त्यात ओळीने टोचलेल्या सुया. "शी मस्ट बी अ टेलर," तो म्हणाला, शिंपीणच असणार. सगळे हसले. मग त्याने तुकडा उजेडाकडे धरला. म्हणाला, सर, या सगळ्या सुया ओवलेल्या आहेत. काळा, पांढरा, निळा, प्रत्येक दोरा आधीच ओवून ठेवलाय. कोणीतरी ओवून देत असणार. मी म्हणालो, इंग्रजीत. त्याने जुळवून जुळवून म्हटलं, समबडी मस्ट बी थ्रेडिंग हर नीडल्स. मी म्हणालो, उत्तम.

"हर हजबंड, प्रॉबॅबली," बेकरीवाल्या बाई म्हणाल्या.

मी म्हणालो, वाक्य बरोबर आहे.

मी एकही सुई कधी ओवून दिलेली नाही.

मग किल्ली. आमच्या घराच्या किल्लीला जाड दोरा गुंडाळलेला. बाकीच्या किल्ल्या नुसत्या. टॅक्सीवाला म्हणाला, ही बाई अंधारात चाचपून कुलूप उघडते, शी माइट बी अ थीफ. पुन्हा हशा. मीही हसलो. नंतर एक छोटी बाटली निघाली, डोळ्यांत घालायच्या थेंबांची, रिकामी. तिच्याबरोबर तसलीच आणखी एक, तीही रिकामी. शिंपी म्हणाला, बरेच दिवस घालत असणार. शेवटी निघालं भिंग, मूठ असलेलं, चांगलं मोठं. टॅक्सीवाल्याने ते डोळ्याला लावून सगळ्यांकडे पाहिलं. म्हणाला, भिंग इथेच ठेवून गेली, म्हणजे आता लागत नसेल. शी माइट बी ऑल राइट नाउ. बरी झाली असेल.

बेकरीवाल्या बाईंनी त्याच्या हातून भिंग घेतलं. त्यांचं इंग्रजी वर्गात सगळ्यात कच्चं, म्हणून मी थांबलो. त्यांनी वस्तू एका रांगेत लावल्या, सुया, किल्ली, बाटल्या, भिंग, आणि म्हणाल्या, "ऑर इट कान्ट हेल्प हर नाउ. सर, शी मस्ट बी गोइंग ब्लाइंड."

मी म्हणालो, "व्हेरी गुड. फुल मार्क्स."

तोंडातून सवयीने गेलं. वाक्य बिनचूक होतं. ते मी कानांनी ऐकलं, तपासलं, मार्क दिले, आणि मग ते आत गेलं. मी टेबलाची कड धरली. वर्ग आपला पुढे चालूच होता, मीच त्यांना लावलेली सवय. टॅक्सीवाल्याने विचारलं, मग नवऱ्याला कळलं नसेल का? शिंपी म्हणाला, हर हजबंड मस्ट नो. एका घरात राहतात, ठाऊक असणारच. ठाऊक आहे म्हणून तर सुया ओवून देतो. टॅक्सीवाल्याला ते पटलं. दोघांनी मिळून नवरा चांगला आहे असं ठरवलं.

मी फळा पुसला. वेळ व्हायची होती, तरी वर्ग सोडला.

मंगळवार, १९ मार्च

खणात रबरं सापडली. साखरेला एक, चहापत्तीला दोन, तेलाला एक. तशीच लावली की नाही आठवत नाही. दिवा असताना डोळे मिटून डबे शोधून पाहिले. मग डोळे मिटून बाहेरच्या खोलीत आलो आणि खुर्चीला अडखळून पडलो. खुर्ची मीच सरकवली होती. गुडघा फुटला. बसल्या जागी मोठ्याने रडलो. शेजारी ऐकू गेलं असेल तर जाऊ दे.

तिने मला सांगितलं का नाही, याचा राग येतो. मग आठवतं, कडी दिसतात म्हणून सांगितलं होतं.

गुरुवार, २१ मार्च

फोन केला. बहिणीनेच उचलला. मी म्हणालो, "ताई, तिच्या डोळ्यांना काय झालंय?"

पलीकडे आधी खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग त्या सगळं बोलल्या. डोळ्यांतला दाब वाढत गेला, तो आतल्या आत नजर खात गेला. उजवा डोळा पूर्ण गेला आहे. डावा थोडा उरला आहे, पण तेही नळीतून पाहिल्यासारखं, समोरचा एक ठिपका दिसतो आणि कडेचं काही नाही. गेलं ते परत येत नाही. उरलेलं राहावं म्हणून डॉक्टर प्रयत्न करताहेत, खात्री देत नाहीत. लवकर आली असती तर, असं डॉक्टर म्हणाले. त्या 'तर'पाशी ताई थांबल्या. त्यांनी मला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

सुया ताईच ओवून ठेवायच्या, आमच्याकडे यायच्या तेव्हा.

मी विचारलं, ती माझ्याशी बोलेल का. त्या म्हणाल्या, ते मला नका विचारू. या आणि तिलाच विचारा. तिचं रोज सकाळी बाहेरच्या खोलीत बसणं असतं. मी म्हणालो, येतो. कधी ते सांगितलं नाही.

वर्गाला सुट्टी कळवली. शिंप्याला वाटलं मी आजारी आहे. त्याला हो म्हणालो.

शनिवार, २३ मार्च

काय बोलायचं ते ठरवतोय. आजवर हिच्याशी काय बोलायचं ते कधी ठरवलं नव्हतं. आधी विचारायचं, काय दिसतं. मग, दुखतं का. मग, घरी येतेस का. इतके साधे प्रश्न, आणि भिंतीकडे तोंड करून मोठ्याने म्हणून पाहिले तर तोंडात बसत नाहीत. प्रत्येक प्रश्नाच्या शेवटी माझं उत्तरच येतं. दुखतं का, दुखत नसेल ना. येतेस का, येशीलच ना.

दुसरे बूट आहेत, मऊ तळाचे, प्रवासाला बरे. पण उद्या हेच वाजणारे घालून जाणार. मुद्दाम. डोळ्यांनी नाही तर कानांनी तरी तिला मी ओळखू यावा.

रविवार, २४ मार्च

गेलो होतो. परत आलोय.

सकाळच्या पहिल्या बसने गेलो. त्यांचं घर दुसऱ्या मजल्यावर, लाकडी जिना. पहिल्या पायरीपासून बूट वाजायला लागले, दगडी जिन्यावर वाजतात त्याहून जास्त. मध्ये एकदा थांबून दम घेतला. मग वर गेलो.

दार सताड उघडं होतं. ही समोर खिडकीपाशी खुर्चीवर बसली होती, हातात कप. बारीक झाली आहे. केस कोणीतरी घट्ट विंचरून दिलेले. मी उंबऱ्यात उभा राहिलो तेव्हा हिचं तोंड आधीपासूनच दाराकडे होतं. माझ्याकडेच. इतकं सरळ माझ्याकडे तिने कितीतरी वर्षांत पाहिलं नसेल. कप तोंडाजवळ नेता नेता तसाच राहिला होता.

मला बोलायचं होतं. पहिला प्रश्न ओठावर होता. काय दिसतं तुला. तो बाहेर येईना. मी नुसता उभा राहिलो, आणि ही नुसती बसली.

आतून, स्वयंपाकघरातून, बहिणीने विचारलं, "कोण आलंय गं?"

हिने कप खाली ठेवला. बशीत नीट बसेपर्यंत बोटांनी चाचपला. मग म्हणाली, "कोणी नाही ताई. वारा असेल." आणि थोड्या वेळाने, त्याच आवाजात, "दार लावून घे."

मी वळलो आणि खाली उतरलो. टाचा उचलून, आवाज होऊ न देता. रस्त्यावर आल्यावर वर पाहिलं. गॅलरीत कपडे वाळत घातले होते. ते अगदी सरळ लोंबत होते, एकही हलत नव्हता. वर दार लागल्याचा आवाज आला.

बसमध्ये आणि घरी येऊनही तेच घोळतंय. मी तिला दिसलो नसेन. दारात अंधार असतो, आणि तिला दिसतो तो एक ठिपका, त्यात मी मावलो नसेन. बूट वाजले होते, पण तिथे सारखी ये-जा असेल, जिना तर सगळ्यांच्याच पायांनी वाजतो. लक्ष नसेल तिचं. नाहीतर तिने विचारलं असतं, कोण आहे म्हणून.